नवार

मंठा चौफुलीच्या पुढं, वजनकाट्याला लागून
माझं भंगाराचं आवार.
चेंदलेल्या गाड्या इथं टेम्पोवर आडव्या होऊन येतात.
इंजिन एकीकडं, काचा एकीकडं,
पत्रा एमआयडीसीतल्या भट्टीत जातो
आणि सळई होऊन
कुणाच्या तरी स्लॅबमधे निजतो.

पट्ट्याला मात्र भट्टी घेत नाही.
तो मी कापून ठेवतो,
आणि दर खेपेला तेच बघतो:
सीट फाटलेलं, छत फाटलेलं,
देवाच्या फोटोची चौकट उसवलेली,
पट्टा तेवढा कोरा.
आहेरात आलेल्या, ट्रंकेत राहून गेलेल्या टॉवेलसारखा.
ओढला की सर्रकन बाहेर येतो,
जणू इतकी वर्षं
कुणी ओढायचीच वाट बघत होता.

ढीग साचला.
कुशावर्ता म्हणली, फेकता कामून?
नवार इकत आणण्यापरीस
हेच लावा की बाजंला.
लावले.
उभे करडे, आडवे काळे.
उन्हाळ्यात बाज आवारात टाकतो,
ती पडल्या पडल्या झोपते.
तिला माहीत नाही कुठला कुठून आला.
मला माहीत आहे.
डोक्याखालचा भोकरदनकडच्या जीपमधला.
पाठीखालचे दोन एकाच गाडीचे,
शेजारशेजारच्या सीटांचे, तसेच शेजारी विणलेत.
पायथ्याचा कापताना हाताला हळद लागली होती.

मी सत्त्याऐंशी किलोचा माणूस.
कूस बदलतो, धाडकन बसतो,
नऊ वर्षांत एक पट्टा सैल पडला नाही.

एक तेवढा बाजंला लावला नाही.
पांढऱ्या गाडीतला, डायवरच्या बाजूचा.
कडा लाटांसारख्या वळलेल्या,
मधे चटका बसल्यागत खरबरीत,
काही केल्या परत आत गुंडाळला जात नव्हता.
चौथ्या दिवशी मालकीण आली.
चालत.
बदनापूरच्या दवाखान्यातली नर्स,
डिक्कीतला जेवणाचा डबा आणि चपला न्यायला.
उजव्या खांद्यावरून खाली पदरात शिरलेला
जांभळा वळ.
मी म्हणलं, ताई, डब्यातली भाजी आता भट्टीतच टाका.
तर म्हणली, हसवू नका हो भाऊ, बरगड्या दुखतात.
मग तो पट्टा दोन बोटांत धरला,
नाडी बघतात तसा,
थोडा वेळ.
म्हणली, गेला बिचारा.

बरोबरच होतं तिचं.
एकदा असा राबला की तो पुन्हा कामाचा नाही.
सगळं आयुष्य मिळून अर्ध्या श्वासाचं काम.
खिळ्याला टांगून ठेवलाय.

आता आमचा वैजनाथ
बियाण्याच्या कंपनीत गाडीवर लागला.
पहाटे चारला साहेबांना घेऊन नागपूर,
समृद्धीनं.
परवा गाडी पुसताना खाली पडली ती वस्तू:
बकलची नुसती जीभ, मागं पट्टाच नाही.
खाचेत खुपसली की टूं टूं गप्प.
बाबा, इस्त्री मोडते शर्टाची, म्हणला.
साहेबबी तेच लावतेत.
मी काही बोललो नाही.
माझ्या खिळ्यांच्या डब्यात
असल्या अकरा जिभा पडल्यात.
गाडीशी खोटं बोललेल्या.
डबा त्याच्यापुढं पालथा केला
आणि चहा प्यायला गेलो.
परत आलो तर
जिभा पुन्हा डब्यात भरलेल्या.
किती, ते मोजलं नाही.

आज पहाटे
आवाराच्या फाटकाशी गाडी चालू झाली.
टूं टूं टूं.
कुशावर्तानं कूस बदलली,
बाज करकरली नाही.
टूं टूं.
मी श्वास धरून.
आणि थांबलं.

पट्ट्यानं थांबलं का जिभेनं,
ते बाजंवरून कळत नाही.

पाठीखाली ते दोघं शेजारशेजारचे.
मी उठलो.
अंधारात चपला सापडेनात,
तसाच पळालो.