भरतीचा कागद

धंतोलीत, सोनकुसरेच्या गच्चीवर
रात्री साडेनऊलाही फरशी तापलेली,
तिच्यावर पसरलाय देवगड ते निवतीचा किनारा.
एका कोपऱ्यावर माझी चप्पल, दुसऱ्यावर तर्रीचं पातेलं,
नाहीतर कूलरचा वारा समुद्र उडवून नेतो.

मेश्रामची पन्नाशी तिकडे आहे.
बोटी दोन, माणसं अकरा.
रेवतकर विचारतो, "ॲव्हरेज काय देते बे?"
जशी काही वर्धा रोडनंच जाणार.
"पोहता कोणाले येते?"
दोन हात वर.
एक अंबाझरीत शिकलेला,
दुसरा खोटा.

केक कोणत्या बोटीत, यावर पाऊण तास.
शेवटी वैजयंती म्हणाली, माझ्या मांडीवर द्या,
आणि मला उलटी होणार नाही, लिहून घ्या.
तितरमारेनं लाइफ जॅकेट घालून पाहिलं
ते काढेचना. घामानं निथळत म्हणतो,
"तिकडेबी असंच ओलं असते नं?"

घरी येऊन मी भरतीचा कागद फ्रिजवर चिकटवला.
आता दूध काढताना दिसतं:
सहा बारा, पाणी चढतंय.
जायला अजून तीन आठवडे,
पेट्रोलचे पैसे सहाच जणांनी दिलेत,
पण झिरो माइलच्या सिग्नलला, सेहेचाळीस अंशांत,
हेल्मेटच्या आत मला अचानक कळतं
की ओहोटी लागली,
निवतीचे खडक उघडे पडत असतील.
मागचा हॉर्न वाजवतो.
थांब नं भाऊ,
पाणी उतरून राहिलं.