येतं का

रद्दीवाल्याकडून घेतलेल्या पुस्तकात
आधीच्या तिघांच्या खुणा होत्या.
निळ्या पेनाने: हे नाही.
त्याच ओळीवर पेन्सिलीने: आहे, पक्कं कर.
तिसऱ्याने समासात नुसता बेडूक काढलेला,
बहुधा वाट बघून.

जुलै संपेस्तोवर भूमितीला कुणीच नव्हतं.
मग खैरनार सर आले, मूळचे पीटीचे.
प्रमेय सांगतानाही शिट्टी गळ्यात.
म्हणाले, सिद्धता पाठ करा, शब्द इकडचा तिकडे नको.
आम्ही केल्या. रांगेत उभं राहून म्हटल्यासुद्धा.
दिवाळीनंतर ते मतदारयाद्यांच्या कामाला गेले
आणि गायधनी मॅडमनी खडू उचलत विचारलं,
सिद्धता? कुणी सांगितलं तुम्हाला?
आम्ही शिट्टीकडे बोट दाखवणार,
तर शिट्टी नव्हती.

फरहीन ब तुकडीत.
तिच्या वहीत वर्तुळाच्या पानावर तारीख आहे
आणि खाली: स्नेहसंमेलनाची तालीम.
पुढचं पान थेट महत्त्वमापन.

दत्तमंदिराजवळच्या क्लासात पगार सर हसले.
वर्तुळ ऑप्शनला टाका, म्हणाले,
आणि फीचा दुसरा हप्ता सोमवारपर्यंत.

येतं का, मॅडम, हे येतं का?
वर्षभर आमचा एवढाच प्रश्न.
आणि वर्षभर एवढंच उत्तर:
करून ठेव.

बाबा प्रेसमध्ये आहेत, नोटांच्या.
तिथे एक आकडा केसभर सरकला
तर अख्खा कागद बाद,
आणि बाद झालेलाही मोजून, सही करून.
संध्याकाळी जेलरोडला घरी येतात, डबा मोरीत ठेवतात,
पोर्शन किती राहिला, विचारतात.
मी म्हणते, कशातला?
त्यांना वाटतं, उलट बोलते.

जानेवारीत मी आणि फरहीनने अर्ज लिहिला.
विषय: भूमितीत नक्की काय आहे, याबाबत.
ऑफिसात अहिररावांनी तो दोनदा वाचला,
आवक क्रमांक घातला, शिक्का मारला,
शिक्का मात्र अगदी सरळ मारला,
आणि चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
करून ठेवा गं पोरींनो. शिकलेलं वाया जात नाही.

मग एका रविवारी गच्चीवर
आईची बांगडी कागदावर ठेवून गिरवली.
बाहेर एक बिंदू दिला, उगाच, जरा लांब.
तिथून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या,
एक सोपी वाटली, एक वाकडी.
पट्टीने मोजल्या. सारख्या.
बिंदू आणखी लांब नेला, पाण्याच्या टाकीपर्यंत,
कागद संपला तर फरशीवर खडूने.
पुन्हा सारख्या.
खाली कुणीतरी द्राक्षं विकत ओरडत होतं.
मी पट्टी बदलून पाहिली,
या वर्षात पट्टीवरही विश्वास राहिला नव्हता.
सारख्याच.
का, ते शोधायला अंधार पडला.
सापडलं तेव्हा सांगायला कुणी नव्हतं
आणि, गंमत म्हणजे, विचारायलाही काही नव्हतं.

पेपरात ते आलं. तीन गुणांना.
देवळालीगावातल्या केंद्राबाहेर, चपलांच्या ढिगाशी
फरहीन भेटली. कसा गेला, असं तिने विचारलं नाही.
म्हणाली, हे आपल्याला होतं?
मी म्हटलं, आम्हाला होतं. म्हणजे नव्हतं. पण मी
आणि मग आम्ही दोघी गप्प बसून
उसाचा रस प्यायलो, तिने पैसे दिले.

जूनमध्ये शेजारचा ओजस पुस्तक मागायला आला.
मी खोडरबर घेऊन बसले.
पेन्सिल गेली, पेन गेलं नाही,
बेडूक मी ठेवला.
तो पानं उलटत वर्तुळापाशी थांबला.
ताई, हे येतं का?

करून ठेव, अगदी ओठावर आलं होतं.

कुणाला, मी विचारलं.