चौथं घर

लंबासाच्या साखर कारखान्याचा पहाटेचा भोंगा झाला
आणि आई जन्मली.
घरात घड्याळ नव्हतं. आजोबांनी भोंगाच वेळ मानला,
पंडित हरिनंदनांनी काशीहून बोटीनं आलेलं पंचांग उघडलं,
जाड पेन्सिलीनं चौकोन आखला:
चौथ्या घरात शनी,
त्याच्या मांडीला मांडी लावून मंगळ.

चौथं घर म्हणजे राहतं घर, पंडितजी म्हणाले.
एक गारठा, एक जाळ.
हिच्या छपराखाली विस्तव ठेवू नका.

ती पत्रिका आईच्या पेटीतून सासरी आली.
बाबांनी वाचली, आणि विस्तव बाहेर काढला.
उंबऱ्यापासून सतरा पावलं मोजून
नीरफणसापलीकडे पत्र्याची शेड ठोकली.
सतराच का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

आम्ही वाढलो त्या सतरा पावलांत.
पदराखाली झाकलेल्या रोट्या,
अंधारात पायाखाली येणारे बेडूक,
घरापर्यंत येता येता साय धरलेली डाळ.
खरं तर घरात कुणी राहायचंच नाही.
घरात पलंग, देव, आणि बाबांचं गप्प बसणं.
माणसं सगळी शेडमध्ये.
शेजारची सेरेआना कसावा घेऊन यायची,
नारळ खवता खवता
आईला आपल्या भाषेतल्या शिव्या शिकवायची,
आणि आईला इतकं हसू यायचं
की फुंकणी खाली ठेवावी लागायची.

जमीन सेरेआनाच्या भाऊबंदांची, तीस वर्षांच्या कराराची.
करार संपला, अर्धा ऊस गेला.
बाबा म्हणाले, चौथं घर.
दादानं शाळा सोडली. चौथं घर.
पंपाचा पट्टा तुटला, तेव्हाही.
आमच्याकडे भांडण सुरू व्हायच्या आधीच संपायचं,
दोष कुणाचा ते आधीच ठरलेलं असायचं.
इतके कमी भांडलेले आईबाप
मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिले नाहीत.

वादळ आलं त्या वर्षी घराचं छप्पर नदीपार गेलं.
शेड राहिली.
अकरा दिवस आम्ही सहाजण तिथे,
शनी-मंगळ धरून आठ.

मागच्या महिन्यात अविनेश आला, सुवाहून,
मांडीवर लॅपटॉप.
म्हणाला, काकी, पंडितजींनी अक्षांश उत्तरेचा धरला.
आपण विषुववृत्ताच्या खाली.
लग्न पुढच्या राशीत सरकतं.
युती आहे, पण चौथ्यात नाही.
तिसऱ्यात.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.
मी दारातून शेडकडे बघितलं,
आणि मनातल्या मनात गुणाकार करत बसले:
सतरा पावलं, जाऊन येऊन, दिवसातून कितीदा,
गुणिले एक्केचाळीस वर्षं.
कुणावर रागवायचं ते कळेना.
पंडितजी तर कधीच राख होऊन समुद्रात गेलेले.

आई डाळीतले खडे निवडत होती.
मान वर न करता तिनं विचारलं,
तिसऱ्यात काय असतं?

भावंडं, अविनेश म्हणाला. पाठचा भाऊ वगैरे.

तिचा हात थांबला.
बिसुनमामा ब्रिस्बेनला गेला त्याला तेवीस वर्षं झाली.
पहिल्या दोन दिवाळ्यांना फोन आला होता.
नंतर एकदा कुणाच्या तरी हाती
एक स्वेटर, आईला दोन मापं मोठा.

तरीच, आई म्हणाली.

एवढंच. आणि उठली,
निम्मी निवडलेली डाळ तशीच घेऊन
अनवाणी शेडकडे निघाली.

रात्री जेवताना
प्रत्येकाच्या दाताखाली एकेक खडा आला.
कुणी काही बोललं नाही.