रिकामं वजन

चाकणच्या वजनकाट्यावर मी एकोणीस वर्षं बसतोय.
गाडी आधी रिकामी येते, मग भरून.
दोन्हींतला फरक म्हणजे माल.
पावती फाडायची, शिक्का मारायचा, पुढची गाडी.

म्हणून परवा जेवताना कस्तुरीनं
पायलटच्या ट्रेनिंगचं काढलं,
दोनशे तास, बारामतीची धावपट्टी,
आणि आकडा सांगताना भाजीकडे बघत राहिली,
तेव्हा मी आधी पाणी प्यायलो.
अठ्ठावन्न लाख.
टाइप रेटिंग म्हणून काही असतं, ते वेगळं.
मोशीचा फ्लॅट विकला तरी
एक पंख येईल फार तर.

काळ बरा नाही.
मला हे पेपरातून नाही, काट्यावर कळतं.
रात्रीत दीडशे गाड्या व्हायच्या, आता नव्वद.
ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत बसतात,
घाई कुणालाच नाही.
वरचं तर त्याहून अवघड:
एक कंपनी बुडाली, दुसरीची विमानं
सुट्या भागांवाचून झाकून ठेवलेली,
तेलाचा भाव डॉलरच्या मागे,
डॉलर कुणाच्या मागे, देव जाणे.

वरच्या मजल्यावरचा फरहान शिकलगार
परवाना घेऊन आला तेव्हा
त्याच्या आईनं सगळ्या विंगेत पेढे वाटले होते.
आता खराडीत रात्रपाळीला
अमेरिकेतल्या लोकांचे विम्याचे दावे तपासतो.
परवाना मरू नये म्हणून अधूनमधून
पगार साठवून उडून येतो.
विचारलं तर म्हणाला, "काका, मला नका विचारू.
नाही म्हटलं तर ती म्हणेल जळतो.
हो म्हटलं तर उद्या तुम्ही दार वाजवाल."
मग जिन्यात थांबला.
"उतरताना मात्र, काका, धावपट्टी अशी वर येते ना..."
तळहात हळूहळू वर नेत राहिला.
पुढे बोलला नाही.

बँकेतल्या मॅडमनी फॉर्म दिला.
'जामीनदार' या शब्दापुढे एवढीशी जागा.
रंगनाथ बाबूराव टेमगिरे त्यात मावत नाही.

रविवारी ती मला हडपसरला घेऊन गेली.
तिथे बिनइंजिनाचं विमान दोरानं ओढून वर सोडतात.
शिकवणीच्या पैशांतून तिनं नाव नोंदवलं होतं.
आधी काटा. साधा, न्हाणीघरात ठेवतात तसला.
शेचाळीस किलो.
तिथले सर मान हलवत म्हणाले, "फार हलकी आहे.
पुढच्या सीटला किमान पंचावन्न लागतात."
एका पोऱ्यानं शिशाचे ठोकळे आणून
तिच्या सीटखाली पक्के बसवले.

एकोणीस वर्षांत मी जादा भरलेल्या
कितीक गाड्या माघारी धाडल्या.
कमी भरते म्हणून कुणाला अडवलं नव्हतं.

दोर ताणला. सुटला.
आवाज नाही कसलाच.
शेजारी एकजण शेंगदाणे सोलत होता.
"कोण आहे वर?"
"माझी," म्हटलं, आणि घड्याळ बघितलं.
सात मिनिटं.

येताना स्कूटरवर, मागून:
"बाबा, वर्षभर थांबू का?
पेपर आधी देते. हवामान, दिशा, नियम.
ते स्वस्तात होतात.
तोवर कळेल काहीतरी."
काय कळेल, ते मी विचारलं नाही.
हिशेब बरोबर होता तिचा,
आणि मला त्याचाच राग आला.
सिग्नल सुटला.

सोमवारी रात्री एक कंटेनर काट्यावर आला.
"भरायला काही मिळालं नाही," ड्रायव्हर म्हणाला,
"मोकळाच चाललोय नागपूरला."
मोकळ्याचीही नोंद करावी लागते. केली.
खिशातला फॉर्म काढला, घडी उलगडली,
परत त्याच घडीवर मिटला.
लोहगावच्या बाजूला एक दिवा खाली येत होता.
आत किती सीटा भरल्यात,
इथून सांगता येत नाही.