दीस हाय का?

मागच्या भिंतीत एक खिळा आहे.
समोर चौगुल्यांचा पत्रा; त्याची सावली
दुपार कलली की आमच्या भिंतीवर चढायला लागते.
खिळ्याला लागली की ताटं वाढायची.
समडोळीत असलं घड्याळ फक्त आमच्याकडं.
चौगुल्यांनी मजला चढवला त्या वर्षी
आमचा सूर्य पाऊण तास आधीच बुडायला लागला,
तेव्हा आण्णा शिडी लावून
खिळा हातभर वर ठोकून आले.
शेजाऱ्याशी भांडण नको, म्हणाले, आपण सरकू.

घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं.
फडक्यात राहिलेलं पाणी अव्वा अजून
आडात परत सोडते, हळू,
कुणाला तरी घरी पोचवून यावं तशी.

कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही;
तरी तिच्या मुगाच्या आमटीचा वास
मला पुण्यात, वसतिगृहाच्या कोपऱ्यावर,
रात्री अकराला पावभाजी खाताना का यावा?
तिथं काय खाते, आण्णांनी कधी विचारलं नाही.
सुट्टीला आले की एवढंच:
जेवाय चल, दीस हाय अजून.

आता आण्णांना खिळा दिसत नाही.
काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं.
संध्याकाळी भिंतीला तळवा लावून बसतात.
"दीस हाय का?"
अव्वा परसात डोकावून सांगते, हाय.
किंवा, गेला.
तिच्या शब्दावर त्यांचं जेवण.

माघातला शुक्रवार. कुपवाडला महिनाअखेर,
बिलं जुळेनात. निघायलाच साडेपाच,
आणि दिग्रजच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी,
मोळ्या रस्ताभर, पोरं कांड्या पळवतायत.
गाडी बंद करून उभी राहिले
आणि सूर्य जाताना बघितला, पुरता.
उंबऱ्याशी आले तेव्हा माझंच पाऊल मला दिसेना.

तीन ताटं वाढून झाकलेली.
दोघं अंधारात बसलेले.
दिवा लावला नव्हता अव्वेनं;
बटणाचा आवाज झाला असता.

"त्रिशला आली?"
"आले, आण्णा."
"दीस हाय का?"
मी तोंड उघडलं तोवर
अव्वेचा हात माझ्या मनगटावर.
मुंगी दिसली तर वाट बदलणारी माझी आई
म्हणाली, "हाय की. बुडाय लागलाय. बसा."

आण्णा जेवले. भाकरी, आमटी, जवसाची चटणी.
चावताना मान जरा तिरपी,
बाहेर रातकिडे.
अव्वेनं भाकरीचा तुकडा मोडला
आणि कितीतरी वेळ हातातच धरला.

रात्री पांघरूण घालायला गेले तर कुजबुजले,
"अव्वेला सांगू नगो. पाखरं कवाच गप झालती.
पर तिचा शब्द खाली कसा पाडू?"

सकाळी म्हणाले, पोट जड हाय, आज लंघन.
चुलीपाशी अव्वा म्हणाली, मलाबी नगंच वाटतंय.
एकमेकांना काही विचारलं नाही.
एकच काठी दोघांनी धरून बस्तीत गेले;
तिथं कोण काय बोललं,
त्यांचं त्यांना ठाऊक.

मी चारलाच टेबल आवरलं. साहेब बघत राहिला.
घरी आले तर सावली खिळ्याच्या खाली, चांगली दीड वीत.
एकच ताट. माझं.
दोघं दोन बाजूंना बसले. अव्वा वाढत राहिली,
आण्णा चाचपडत माझ्या ताटातल्या भाकरी मोजत राहिले,
आणखी अर्धी घे म्हणाले, मग आणखी अर्धी.
मी कुणाच्या वाटची खात होते कोण जाणे,
पण संपवली.

उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्या
ओठाशी नेता नेता ते थांबले.
तोंड अव्वेकडं नव्हतं या वेळी,
माझ्याकडं होतं.
"दीस हाय का?"

"हाय, आण्णा.
भिंतभर हाय."