पुरेसा

रुहिना मुकादम सकाळी साडेसातला येते,
हातात स्टीलचा डबा,
डब्यात बर्फ, बर्फात बकऱ्याचं काळीज.
कुर्ल्याचा इद्रिस तिला रोज विचारतो म्हणे,
"मॅडम, घरात माणसं तरी किती?"
त्याला ती काय सांगणार,
की हे काळीज शिजत नाही,
परळला सातव्या मजल्यावर
आम्ही ते यंत्राच्या चिमट्यात धरतो
आणि किती दाबलं की फाटतं, ते लिहून ठेवतो.

दोन पूर्णांक एक न्यूटन. फाटलं.
दोन पूर्णांक चार. फाटलं.
कडेचं, त्याच्या कितीतरी आधी.

"गाठ मारताना तुम्ही जोर किती लावता, डॉक्टर?"
पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं.
मी म्हटलं, पुरेसा.
तिनं वहीत तसंच लिहिलं. पुरेसा.
एककाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

देवस्थळी सर आम्हाला डोळे मिटायला लावायचे.
उघड्या पोटात हात, मनगटापर्यंत.
"बघू नका. चाचपा."
मऊ, मऊ, मऊ,
आणि मग एकदम चिंचोका.
सोनोग्राफीला न दिसलेले कितीतरी चिंचोके
या बोटांनी वेचलेत.

आता मी रोग्यापासून आठ पावलांवर
पेटीत डोकं घालून बसते.
चार हात असतात, एकही थरथरत नाही.
आतलं सगळं दहापट मोठं,
शिरेवरची शीर मोजावी इतकं स्वच्छ,
आणि हाताला लागत काहीच नाही.
दोरा ताणला की किंचित चकाकतो,
त्याच्याखालचं मांस पांढुरकं पडतं,
त्यावरून ओळखायचं, आता बास.
बहिऱ्यानं ओठ वाचावेत
तसा मी डोळ्यांनी स्पर्श वाचते.
कधी दोरा तुटतो.
तुटल्याचंही दिसतंच फक्त.

हे सगळ्यांचंच असं.
आणि इथे एक गोष्ट आहे
जी रुहिनाच्या वहीत नाही.

दोन वर्षं झाली, माझी बोटं गेली.
म्हणजे आहेत. सही करतात, निऱ्या घालतात.
पण शेंडे साखरेनं खाल्ले.
मेथी निवडताना काडी की पान, बघावं लागतं.
पर्समध्ये चाचपून किल्ली मिळत नाही.
चहाचा ग्लास भाजला
ते फोड आल्यावर कळतं.
उघड्या शस्त्रक्रिया मी मुकाट सोडल्या.
"मॅडमना नव्याची भारी हौस," म्हणाले लोक.
यंत्रावर कुणालाच काही लागत नव्हतं.
तिथे मी चारचौघांसारखी होते.

आज चिमट्याच्या टोकाला तिनं
तांदळाच्या कणीएवढा संवेदक बसवलाय.
"तिथे जे लागेल ते मुठीत परत येईल."
काळजात एक वाटाणा पुरलाय,
कुठे, ते सांगणार नाही म्हणाली.
मला परीक्षेला बसल्यासारखा घाम.
परीक्षा कसली आहे ते तिला ठाऊक नव्हतं.

चिमटा टेकला.
मूठ माझ्याकडे सरकली, हळूच,
पलीकडून कुणी दार धरून उभं असावं तशी.
बोटांना नाही लागलं.
मनगटाला लागलं, कोपराच्या आत,
जिथवर साखर अजून आली नव्हती.
मऊ. मऊ.
थोडं डावीकडे, तरी मऊ.
मी डोळे कधी मिटले कोण जाणे.
मग दार उघडेना.
"इथे," मी म्हटलं.

रुहिना पडद्यावरचा आकडा वाचत होती.
"शून्य पूर्णांक चार! म्हणजे बोटांना जाणवलं ना?"
पेन वहीवर टेकलेलं,
हो लिहायला निम्मं वाकलेलं.

डब्यातला बर्फ वितळून
टेबलावर लालसर ओघळ आला होता.
तो मी रुमालानं टिपला.
गार होता की नाही, सांगता येणार नाही.

"बोटांना नाही," मी म्हटलं.
"खुर्ची ओढ.
तुला एक रकाना वाढवावा लागेल."