पाच रेघांचं अक्षर

पहिली, तुकडी ब. बाकं भिंतीला सरकवलीत,
फळ्यावर चिकटवलाय पांढरा तक्ता.
या वर्गाची बाई मीच,
आज मतमोजणीची कारकून,
हातात काळं मार्कर.

के सर एकेक मतपत्रिका दिव्याखाली धरतात,
खिडक्यांना लटकलेल्या गावाला दाखवतात,
मग ओरडतात, 'सहमत!'
आणि मी रेघ ओढते.

आधी वरची आडवी. मग मधली उभी.
उजवीकडे छोटी आडवी, डावीकडे छोटी उभी,
शेवटी तळाशी लांब, पाट मांडल्यासारखी.
पाच मतं, पाच रेघा, एक अक्षर.
अर्थ: बरोबर.
दर सप्टेंबरात नव्या पोरांचे हात धरून
हेच गिरवून घेते मी,
रेघ वाकडी गेली तर खोडून पुन्हा.

प्रश्न असा होता:
लग्न एक पुरुष आणि एक बाई यांच्यातच असावं,
याच्याशी तुम्ही सहमत आहात का?
म्हणजे जो हो म्हणेल तो मला नाही म्हणेल.
सकाळी दारात श्वे आजींनी मलाच विचारलं,
'बाळ, कुठे शिक्का मारला म्हणजे
कुणाचं वाईट होत नाही?'
मला सांगता येत नाही आजी, म्हटलं, नियम आहे.
नियम होताच.

'सहमत!' 'सहमत!' 'असहमत!' 'सहमत!'
के सरांच्या आवाजाला मासळीच्या लिलावाची लय चढलीये.
किती सुबक येतंय आज माझं अक्षर!
बरोबर, त्याखाली बरोबर, त्याखाली बरोबर,
तक्ता भरला, दुसरा लावला.
शेजारच्या रकान्यात सात अक्षरं आणि वर दोन रेघा,
एका पायाच्या टेबलासारख्या.
त्यातली एखादी माझी असेल.

यी-च्येन ताइचुंगला चष्म्याच्या दुकानात
लोकांचे नंबर तपासते.
अकरा वर्षं माझ्याबरोबर आहे.
माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा
दवाखान्याच्या कागदावर तिने सही केली,
आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं: चुलत बहीण.
नर्स म्हणाली, चेहरेपट्टी अगदी सारखी.

साडेदहाला बाबा आले होते.
गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीला खाडीचा चिखल.
यादीत त्यांचं नाव माझ्या नावाच्या वर.
मी बोट ठेवलं, त्यांनी अंगठा उठवला,
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.
पडद्यामागे फार वेळ लागला त्यांना.
रांगेतलं कुणीतरी खाकरलं.

आता के सर थांबलेत.
पत्रिका दिव्याजवळ नेतात, लांब धरतात.
शिक्का दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर,
निम्मा इकडे, निम्मा तिकडे.
'बाद,' म्हणतात, 'कुणा म्हाताऱ्याचे डोळे गेलेत.'
खिडकीत हशा.

डोळे गेलेल्याचा शिक्का घसरतो, सर.
हा घसरला नव्हता.
दोरीला शिंपले ओवणाऱ्या हाताचा असतो
एवढा नेमका शिक्का.
पण कुणाचं मत हे कुणी विचारायचं नसतं,
मी विचारलं नाही.
तिसऱ्या रकान्यात रेघ ओढली,
सबंध रात्रीत तेवढीच एक वाकडी.
के सरांनी पाहिली,
काही बोलले नाहीत.

घरी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते.
टीव्हीवर सगळ्या देशाचे आकडे, आवाज बंद.
बाबा अंगणात दिव्याखाली कालवं फोडत बसलेले,
सुरी आत घालून मनगट फिरवायचं,
एवढंच, सत्तावन्न वर्षं.
मान वर न करता म्हणाले,
'जेवलात का?'

मी दारात एकटीच होते.
वळून पाहिलं. रस्त्यावर कुत्रं, त्यापलीकडे भरती.
'नाही,' म्हटलं,
'अजून नाही जेवलो आम्ही.'

त्यांनी उकळत्या पेजेत
कालवांची आणखी एक ओंजळ टाकली
आणि म्हणाले, आलं संपलंय.